पाहुण्यांची सही

हे मी कोणाला सांगायचं नव्हतं, पण विश्रामकाकांच्या पोटातल्या जंताने संमतीपत्रावर रोहिणीकाकूच्या आधी सही केली.

त्वचेच्या दवाखान्यात तसा नियमच आहे. अंगावरचे फोड बसवायला ज्या गोळ्या देतात, त्या शरीराच्या पहारेकऱ्याला झोपवतात. म्हणून त्या सुरू करताना किंवा वाढवताना तीन सह्या लागतात. एक रोग्याची, एक घरच्या माणसाची, आणि पोटात कोणी राहत असेल तर त्याची. पोटातल्याला सहीपुरता रोग्याचा डावा हात वापरायची मुभा असते.

काकांच्या पोटातले पाहुणे बावीस वर्षांपूर्वी आले. काका आमच्या रोपवाटिकेत अनवाणी उभे राहून ओली माती आणि खत कालवत होते, तेव्हा ते टाचेतून आत शिरले. त्यानंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही. घरात सगळे त्यांना पाहुणे म्हणत. ते काकांना दादा आणि काकूला वहिनी म्हणत.

गेल्या वर्षी काकांच्या अंगावर आणि तोंडात फोड आले, गोळ्या सुरू झाल्या, आणि पाहुण्यांना एकदम जबाबदारीची जाणीव झाली. रोज सकाळी आठला बेंबीखालून बारीक आवाज येई, की वहिनी, दादांची गोळी राहिली. काकू कणीक मळत असली तरी हात धुऊन उठे. काका कौतुकाने म्हणत, सख्खा भाऊ एवढी चौकशी करत नाही. सख्खा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते समोरच चहा पीत असत.

काकूलाही आधी बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की दुपारच्या कॅल्शियमच्या गोळीची पाहुण्यांना कधीच आठवण होत नाही. ती दोनदा चुकली, तेव्हा ते अगदी गप्प होते.

यंदा फोड पुन्हा उठले. काकांना गार पेजसुद्धा गिळवेना. डॉक्टर हळबेबाईंनी गोळ्या दुप्पट करायचं ठरवलं आणि संमतीपत्र घरी वाचायला दिलं. काकूने चष्मा शोधून लावेपर्यंत त्यावर डाव्या हाताची वळणदार सही झालेली होती. 'सोबत राहणाऱ्यांची संख्या' हा रकाना तेवढा रिकामा होता.

काकूने पेन खाली ठेवलं. सही केली नाही तर काका उपाशी राहणार. केली तर पहारेकरी पुरता झोपणार, आणि मग आत काय होईल ते एका पाहुण्यांनाच ठाऊक.

"पाहुणे, तुम्हाला एवढी घाई कसली?" तिने विचारलं.

"दादांचे हाल बघवत नाहीत, वहिनी."

"बघायला तुम्हाला डोळे आहेत का?"

काकाच रागावले. तोंड उघडताना दुखत होतं तरी म्हणाले, "घरच्या माणसावर संशय घेतेस?"

काकूने वाद घातला नाही. फोडांना मलम लावताना तिला काकांच्या कमरेवर दोऱ्यासारखी लाल रेघ दिसली. तिने रेघेच्या दोन्ही टोकांना पेनने ठिपके दिले. दुपारी रेघ ठिपक्यांच्या चार बोटं पुढे गेली होती. पाहुणे म्हणाले, जरा पाय मोकळे करायला गेलो होतो. कोणते पाय, हे तिने विचारलं नाही. पण काकांना कोरडा खोकला लागलाय, हे तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काकांना स्टुलावर बसवल्यावर ती हळबेबाईंच्या देखत, घरात विचारावं तशा आवाजात म्हणाली, "पाहुणे, चहा घेणार ना?"

"घेईन की," बेंबीखालून आवाज आला.

मग कमरेतून कोणीतरी म्हणालं, घेईन की. पाठीतून म्हणालं. बरगड्यांतून एकामागून एक कितीतरी जण म्हणाले, आणि शेवटी घशाशी एक अगदी कोवळा आवाज म्हणाला. सगळे चांगल्या वळणाचे होते, कोणी कोणाच्या मध्ये बोललं नाही.

काकांनी उजव्या हाताने शर्ट खाली ओढला. "मला वाटायचं, एकटेच आहेत," ते म्हणाले.

हळबेबाईंनी रिकाम्या रकान्यात 'अगणित' असं लिहिलं. गोळ्या वाढवणं थांबवलं, शौचाचा नमुना तपासायला पाठवला आणि पाहुण्यांना जागा सोडायची नोटीस दिली. जंताची गोळी दोन दिवस, पंधरा दिवसांनी पुन्हा दोन दिवस. डाव्या हाताने नोटिशीची पोच दिली. दवाखान्यातून निघताना पाहुण्यांनी एकच विचारलं.

"वहिनी, आपल्या घरात अनवाणी कोण फिरतं?"

परत येताना काकूने बाजारातून सगळ्यांना रबरी चपला आणल्या. माझ्या जांभळ्या.

पहिल्या गोळ्यांनंतर आवाज थांबले. रेघ पुसली, खोकला गेला, नवा नमुना स्वच्छ आला. तेव्हा काकूने रकान्यात शून्य घालून सही केली. आता काका भाकरी कुस्करून खातात. सकाळी आठ वाजले की मात्र ते थोडा वेळ पोटाकडे बघत थांबतात आणि मग स्वतःच गोळी घेतात. काकूने मला बजावलंय की हे बाहेर बोलायचं नाही. रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायला येणाऱ्या बायका घाबरतील.

आज दुसऱ्या फेरीची गोळी आहे. सकाळपासून काकू काकांच्या डाव्या हाताकडे बघते आहे. त्याच्या नखांत ओली माती आहे. काका म्हणतात, मी तर पडवीत पडून होतो, वाफ्यांकडे गेलोच नाही. काकूने तो हात दोनदा साबणाने धुतला, गोळी दिली, आणि काका ती गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

आता ती वाफ्यांवरून मला हाक मारते आहे. झारी घेऊन लगेच ये, आणि अनवाणी येऊ नकोस. आले म्हणून मी ओ दिली आहे. पण पायरीवर जिथे मी माझ्या जांभळ्या चपला काढल्या होत्या, तिथे आता नुसता ओल्या मातीने उमटलेला डाव्या हाताचा पंजा आहे.