मोरेभाई आणि एकविसावा स्टँड

मोरेभाई भर दुपारी घडीचं स्टूल घेऊन उन्हात बसतात. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. बडोद्यात भाड्याच्या सायकलींचे स्टँड वाढवायचे ठरले, नव्या जागा शोधायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं, आणि जोडीदार म्हणून माझ्या नशिबी मोरेभाई आले.

मी एका सकाळी संगणकाच्या नकाशावर वीस जागा काढून मोकळी झाले. मोरेभाईंनी सांगितलं, प्रत्येक जागी दुपारी तासभर बसून पाहिल्याशिवाय आपली सही मिळणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की जिथं माणूस बसू शकत नाही, तिथं सायकलची सीट तव्यासारखी तापणार, मग तिच्यावर बसणार कोण? वैताग असा, की हे खोटंही नव्हतं. पण मे महिना चालू होता आणि वीस जागा म्हणजे वीस दुपारी.

मी घाई केली, की ते शांतपणे म्हणायचे, "उतावळ शानी? घाई कसली?" त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या घोडदळात होते. हे घराणं लढाईला वेळेवर कसं पोचत असेल, देव जाणे.

अलकापुरीत एक बाई त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली देऊन दुकानात शिरल्या. त्यांना ते पार्किंगवाले वाटले. मोरेभाईंनी तासभर स्कूटर इमानेइतबारे राखली आणि बाई परत आल्यावर, ही स्टँडची जागा आहे, म्हणून त्यांनाच झापलं. मांडवीजवळ एका कापडवाल्याला वाटलं, अतिक्रमण हटवायला साहेब आले. त्याने छाश पाठवली आणि फूटपाथवरचे पुतळे आपणहून आत नेले. मोरेभाईंनी दोन ग्लास छाश प्यायली आणि ती जागा बाद केली. कारण काय, तर सावली दुकानाच्या छपराची होती, उद्या काढलं तर? मी कपाळावर हात मारून घेतला.

असं करत करत त्यांनी माझ्या सात जागा उडवल्या. वर स्वतःची एक घुसडली, एकविसावी. प्रतापनगरकडची एक बंद गल्ली. तिथं ना कॉलेज, ना बसथांबा, ना बाजार. तिथून सायकल नेणार कोण, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते चष्मा पुसत बसले. शुक्रवारी नकाशा द्यायचा होता आणि ही एक जागा नकाशात राहिली, तर वरचे साहेब सगळ्याच जागांवर शंका घेणार होते. शेवटी गुरुवारी दुपारी, मोरेभाई दुसऱ्या एका जागेवर बसले असताना, मी एकटीच ती गल्ली बघायला गेले. फोटो काढून त्यांच्यापुढे टाकायचा आणि विषय संपवायचा, एवढाच विचार होता.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या घरावर पाटी होती ती मोरेभाईंचीच. माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या दारात स्टँड!

खिडकीत एक बाई बसल्या होत्या, शेजारी वॉकर. त्यांनी मला गळ्यातल्या ओळखपत्रावरून ओळखलं. "तू ह्यांच्या ऑफिसची ना? ये, बेस ने," म्हणत त्यांनी आतली खुर्ची दाखवली. दोन वर्षांपूर्वी मोरेकाकूंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या खिडकीतच असतात. मी स्टँडचं विचारलं, तर त्या हसल्या.

"ह्यांना वाटतं, स्टँड झाला की गल्लीत माणसांची अवरजवर होईल, बघत बघत माझा दिवस जाईल." मग हसू थांबवून म्हणाल्या, "मला लोकांच्या सायकली नकोत गं. ह्यांना म्हणावं, दुपारचं घरी जेवायला या. मी एकटी जेवते."

फोटो न काढताच मी परत आले.

शुक्रवारी सकाळी मोरेभाईंना निरोप दिला, शब्दाला शब्द. स्टँड तसाच ठेवू या, साहेबांना मी काहीतरी सांगेन, असंही म्हटलं. त्यांनी मान हलवली. नकाशा पुढ्यात ओढला. मग पेन काढून एकविसावी जागा त्यांनी स्वतःच खोडली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्थानिक रहिवाशांची हरकत.'

खाली सही केली आणि साडेबाराच्या ठोक्याला पिशवी उचलून ते घरी जेवायला गेले.