चार गिअर मागं, एक पुढं

“धानोराऽऽ! चला धानोराऽऽ! एकच सीट खाली, बाप्पा, एकच सीट!”

हा आवाज माझ्या बाबांचा. गडचिरोलीच्या स्टँडबाहेर जीपच्या बॉनेटवर थाप मारत ते असे ओरडायचे, तेव्हा आत सतरा माणसं, दोन कोंबडे आणि मोहफुलांचं एक पोतं आधीच बसलेलं असे. ती एक सीट नेमकी कुठं खाली होती, हे देवालाही सांगता आलं नसतं! पण अठरावा माणूस यायचा आणि मावायचाही. मी पोतं आणि कोंबड्यांच्या मधे बसून तो आवाज ऐकायचो आणि वाटायचं, जगात कुणीच मागं राहत नसेल, बाबा सगळ्यांना घेऊन जातात.

आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडं नऊ किलोमीटरवर. गावातली पोरगी सासरी निघाली की मुखरूभाऊंच्या, म्हणजे बाबांच्या, जीपनंच निघायची, अशी रीतच पडली होती. कारवाफ्याची सून असो की मुरूमगावची, बाबांनी ती पोचती केली. नारळ घ्यायचा, बॉनेटला हळद लावायची, आणि बाकी काही घ्यायचं नाही. फक्त एकच पोरगी त्या जीपमधून गेली नाही. माझी धाकटी बहीण रंभा!

चौदा वर्षांपूर्वी पाठवणीच्या सकाळी बाबा जीपखालून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “गिअरबॉक्स गेला.” बस्स! रंभा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेली. एका बाजूला कपाट, एका बाजूला पलंग, मधे नवरी, आणि तिघांनाही एकाच दोरानं आवळलेलं. धानोऱ्याला पोचली तेव्हा शालूचा रंग कोणता होता हे सासूनं पदर झटकून पाहिलं म्हणतात. “बाप डायव्हर अन् लेक ट्रॉलीत!” हे वाक्य रंभेनं पहिली दोन वर्षं जेवणाबरोबर खाल्लं. बाबांनी त्या दिवसानंतर जीपला हात लावला नाही. गोठ्याशेजारी ती उभी राहिली, आणि शेतावर जाणारे बाबा तिच्याकडं न पाहता जायला शिकले.

तर यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी मी जाहीर करून टाकलं, “भाऊबीजेले रंभा येईल टमटमनं. पण परत जाईल जीपनं! अन् चालवतील बाबा!”

मी मूल शहरातल्या एका राईस मिलमध्ये मशीन सांभाळतो. वीस वर्षं पट्टे, पुल्या, बेअरिंग यांच्यात काढली आहेत. मशीन म्हणजे मशीन! ते भात सडो नाही तर माणसं वाहो. शिवाय माझ्या हाताशी कुलदीप होता. कुलदीपचं गॅरेज मिलच्या समोरच. तो गाडीचा आवाज ऐकून मालकाचा स्वभाव सांगतो. माझ्या मोटरसायकलचा आवाज ऐकून तो एकदा म्हणाला होता, “श्रावणभाऊ, तुमी ऐकून घेत नाई कोनाचं.” मी त्याचं ऐकून घेतलं नाही.

कुलदीपनं गावी येऊन जीपखाली डोकं घातलं. “इंजिन चालते. गिअरबॉक्स उघडून पाहू का एकदा?”

“कायले? तीस वर्षांचा डायव्हर म्हनते गेला, तं गेला! डॉक्टरनं मेला म्हटल्यावर नाडी पाहते का कोनी?”

बाजेवर बसलेले बाबा हळूच म्हणाले, “राहू दे ना बाबू. जुनी गाडी हाये.”

“बाबा, तुमी फक्त स्टेरिंग धरा!” मी म्हणालो. ‘राहू दे’ असं बाबा तीनदा म्हणाले आणि तीनही वेळा मी त्यांना धीर दिला.

या जीपचा गिअरबॉक्स आता मिळणं म्हणजे उन्हाळ्यात पावसाळी भोदू, म्हणजे अळंबी, सापडणं. चंद्रपूरच्या भंगारात मात्र अँबॅसिडरचा एक सापडला, खाली दांडा असलेला. भंगारवाला म्हणाला, मागचा अ‍ॅक्सलही न्या, जोडीनं आलेले आहेत, जोडीनं नांदतील. मी आमचा जुना गिअरबॉक्स त्याला देऊन टाकला आणि दोन्ही घेऊन आलो. जग जिंकल्यासारखं!

पण जीपचं इंजिन आणि अँबॅसिडरचा गिअरबॉक्स समोरासमोर ठेवले आणि कळलं, हे स्थळ जुळणारं नाही. एकाची भोकं इकडं, दुसऱ्याची तिकडं. मांडवात दोन्हीकडच्या विहिणी बसतात तशी दोघं बसली होती, समोरासमोर आणि एकमेकांकडं न पाहता! मग मिलमधली एक मोडकी जाड पुली लेथवर घासून मी दोघांच्या मधे बसणारी तबकडी बनवली. एका बाजूनं जीपची भोकं, दुसऱ्या बाजूनं अँबॅसिडरची. असा मध्यस्थ आमच्या भावकीत कधी झाला नाही. गिअरबॉक्स वीतभर लांब निघाला म्हणून मागचा शाफ्ट वीतभर कापला. गिअरचा दांडा जिथून वर आला तिथं पत्रा होता, पत्रा कापला. आता तो दांडा शेजारी बसणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधून उगवतो. तिसरा गिअर टाकायचा तर शेजाऱ्यानं पाय वर घ्यायचा.

राहिला मागच्या चाकांमधला, इंजिनाची फिरकी चाकांना देणारा लोखंडी गोळा, डिफरन्सिअल. कुलदीपनं तो धुवून, तेल पाजून ओट्यावर ठेवला. त्याची एक सवय आहे. कोणतीही वस्तू खोलली की वरच्या बाजूला तो कुंकवाचं बोट लावतो. “रंग वाळाले टाइम लागते,” तो म्हणतो. “अन् कुंकू लावलं की वस्तू मानसावानी वागते.” गोळ्याला बोट लावून तो जेवायला गेला.

चौथ्या दिवशी सगळं बसलं. मागची चाकं विटांवर उचलून कुलदीपनं इंजिन सुरू केलं. पहिला गिअर, चाकं फिरली! दुसरा, चाकं भन्नाट फिरली! गावानं टाळ्या वाजवल्या. माझी आई, मीराबाई, तिनं डोळे पुसले.

“एक चक्कर मारून पाहू रोडवर?” कुलदीपनं विचारलं.

“खबरदार!” आई म्हणाली. “पयला हात श्रावणच्या बाबाचा. अन् पयली सवारी रंभेची.”

माझंही तेच मत होतं. चाकं फिरतात म्हटल्यावर आणखी काय पाहायचं असतं?

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी रंभेची ओटी भरली. खण, नारळ, ओंजळभर नवे तांदूळ. तिनं सगळ्यांच्या पाया पडून उंबरा ओलांडला. बाया दारात उभ्या राहून पाठवणीचं गाणं म्हणू लागल्या,

*लेक निंगाली सासरी, धान पिकलं बांधीत,*
*सुपभर देल्लं तिले, मन ठेवलं कणगीत.*

रंभा मागच्या बाकड्यावर बसली, अगदी टोकाला. तिच्याजवळ, पायरीवर, कुलदीप लटकला. मी पुढं, गुडघ्यांत दांडा घेऊन. बाबा चढले. चौदा वर्षांनी त्यांनी स्टेरिंगवर हात ठेवला. पुढं तर मोकळा रस्ता, दोन्हीकडं धान कापलेल्या बांध्या. त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला,

आणि जीप दणक्यात मागं गेली!

मागं तणसाचा ढीग होता. ढिगात दोन शेळ्या होत्या. ढिगावर शेजारचे वारलूकाका झोपले होते. जीप घुसली, शेळ्या निघाल्या, वारलूकाका जीपच्या टपावर आले आणि तिथूनच ओरडले, “मुखरू, तुले दिसून नाई राह्यलं का बे?”

“बाबा, रिव्हर्स पडला!” मी म्हणालो.

“पयला हाये,” बाबा म्हणाले. पुन्हा टाकला. जीप आणखी मागं. दुसरा टाकला. आणखी जोरात मागं! गाणं म्हणणाऱ्या बाया पळता पळता थांबल्या, कारण आता पाठवणीचं म्हणावं की सामोरं जायचं म्हणावं, हेच कुणाला ठरवता येईना. शेवटी वैतागून बाबांनी रिव्हर्स टाकला, आणि जीप नव्या नवरीसारखी, पाऊल मोजत, पुढं निघाली.

कुलदीप आधी जीपखाली गेला. मग बाहेर येऊन ओट्यापाशी गेला, आणि आईकडं पाहून म्हणाला, “मीराबाई, त्या गोळ्याले तुमी हात लावला होता का?”

“हात कशाले लावीन?” आई म्हणाली. “एकाच अंगाले कुंकू दिसलं. दुसऱ्या अंगानं काय पाप केलं? त्याले बी लावलं. चांगलं जाड लावलं!”

कुलदीपचं बोट तेलानं पुसट झालं होतं, आईचं बोट उठून दिसत होतं. जे उठून दिसलं ते वर करून त्यानं गोळा बसवला, म्हणजे उलटा! गोळा उलटा, तर चाकं उलटी. आमच्या जीपला आता चार गिअर मागं जायचे होते आणि एक पुढं यायचा. आणि विटांवर चाकं कोणीकडं फिरतात, हे टाळ्या वाजवणाऱ्या एकाही माणसानं पाहिलं नव्हतं. माझ्यासकट. मिलवाल्यासकट!

“सहा घंट्याचं काम हाये,” कुलदीप म्हणाला. “ताई, आत बसा थोडी.”

“आत?” आई पुढं आली. “ओटी भरून उंबरा वलांडलेली लेक मागं फिरत नाई!”

“मीराबाई, पन गाडी तं मागंच जाऊन राह्यली ना!”

“रिव्हर्समंदी न्या म्हणजे पुढं जाईल,” मी सुचवलं. नेऊन पाहिलं. शंभर पावलांत पाणी उकळलं आणि बॉनेटमधून चहाच्या टपरीसारखी वाफ निघाली.

“माह्या मोटरसायकलवर सोडतो तुले,” मी रंभेला म्हणालो.

रंभा बाकड्यावरून हलली नाही. “मी याच गाडीत जाईन,” ती म्हणाली. “बाबा सोडतील तं जाईन. नाई तं ट्रॉली बोलवा.”

ट्रॉली म्हटल्यावर बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग जीप तोंडानं गावाकडं आणि पाठीनं धानोऱ्याकडं वळवून घेतली, मान मागं केली, आणि म्हणाले, “चाल.”

आणि आम्ही निघालो! बापानं मागं तोंड करून, जीपनं मागं चालत. मागचं टोक आता पुढं झालं होतं, आणि त्या टोकाला रंभा होती. रस्ता पाहायचा म्हणजे तिच्या बाजूनंच पाहावा लागायचा.

“डावीकडं, बाबा!” रंभा ओरडायची.

“तुही डावी का माही डावी?”

“म्हशीची डावी! म्हैस हाये!”

कुलदीप पायरीवरून हात हलवून वाट मोकळी करायचा. गुराख्यांनी काठ्या खाली ठेवल्या. एक मोटरसायकलवाला आमच्याकडं पाहत पाहत चिखलाच्या बांधीत शांतपणे उतरला. जंगलाच्या नाक्यावर आडव्या बांबूपाशी वनखात्याचा शिपाई वही घेऊन उभा होता. त्यानं जीपचं तोंड पाहिलं, मग जीपची पाठ पाहिली.

“जाऊन राह्यले का येऊन राह्यले?”

“जाऊन राह्यलो,” मी म्हणालो.

“तोंड तं घराकडं हाये.”

“मन बी घराकडंच हाये, साहेब,” रंभा म्हणाली. “पन जाऊन राह्यलो.”

शिपायानं बराच वेळ वहीकडं पाहिलं. वहीत तसा रकाना नव्हता. त्यानं बांबू उचलला आणि वही मिटली.

नाक्यानंतर साग सुरू झाला. वाहनं नव्हती, गुरं नव्हती. बाबांनी दुसऱ्या गिअरवर जीप सोडली होती आणि ती जुन्या सवयीनं, गुणगुणत, मागं मागं चालली होती. बाबा एकटक मागं पाहत होते. रंभेच्या लक्षात आलं की ते रस्त्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त पाहत आहेत.

“काय झालं, बाबा?”

“काई नाई. केस पांढरे झाले तुहे.”

“चौदा वर्षं झाली ना.”

मग बाबा बोलायला लागले, मान तशीच मागं ठेवून.

“मी नवऱ्या सोडाले जाओ ना, तं आरसा वर करून टाको. मागं बसलेली पोरगी रडे, ते पाहाले होत नसे मले. आवाजच ऐको. पन लोकायच्या पोरी होत्या, आरसा वर केला की काम भागे. तुह्या दिवशी मी सकाळी गाडीत बसून पाह्यलं. आरसा कितीबी वर केला तरी तू दिसून राह्यली होती.”

रंभेनं ओटीतले तांदूळ घट्ट धरले. “मंग आज?”

“आज आरसाच नाई. आज तं तुह्याचकडं पाहा लागते, नाई तं गाडी झाडाले लागते.”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. आमच्याकडच्या लेकींना ते जमतं. “पन बाबा, बरं झालं ना मंग, त्याच दिवशी गिअरबॉक्स गेला.”

बाबांनी जीप हळू केली. पहिल्यांदाच त्यांनी मागचं पाहणं सोडून माझ्याकडं पाहिलं, आणि लगेच नजर काढून गुडघ्यांमधल्या दांड्यावर ठेवली.

“श्रावण, बाबू, तू रागाऊ नको,” ते म्हणाले. “एकदा खोटं बोललो. मंग सुरू करतो म्हटलं तं लोक विचारतील, कोनी दुरुस्त केली? तू चार दिवस घासत होता, मले तोंड उघडता नाई आलं. त्या गिअरबॉक्सले काईच झालं नव्हतं.”

पायरीवरच्या कुलदीपनं सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर पाहू लागलो. बाहेर साग होता. चांगला होता. बराच होता.