रंगराव गव्याने गाडी घेतली

एका जंगलात, बाळांनो, रंगराव नावाचा एक गवा राहत असे. अंगाने भलामोठा, पण मनाने अगदी लोणी. समोरचा जरा रडवेला झाला, की ह्याचाच जीव कासावीस व्हायचा.

उन्हाळ्यात तिथलं पाणी आटे आणि दोन डोंगर ओलांडून जावं लागे. पाच पोरांना घेऊन जायचं तर मोठी गाडी हवी. म्हणून रंगराव मल्लूशेठ वानराकडे जुनी एसयूव्ही बघायला निघाला. रास्त भाव त्याने चौघांना विचारून ठेवला होता. चारशे पेंढ्या गवत.

निघताना बायको तानूबाई म्हणाली, "अहो, चारशेच्या वर एक पेंढी जरी गेली, तरी पोरं उन्हाळ्यात माती खातील. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बजावून सांगते."

मल्लूशेठने गाडी पुसून चकचकीत केली होती. "एकाच हातची गाडी आहे, रंगराव. एका बगळीणबाईंची. फक्त तळ्यापर्यंत न्यायच्या."

बगळीण गाडी कशाला चालवेल, असं रंगरावाला विचारावंसं वाटलं. पण शेठला वाईट वाटलं असतं.

त्या बाजाराची रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून सांगायचं. एक बोट म्हणजे शंभर. तोंडातून आकडा काढणाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नसे.

शेठने नऊ बोटं दाबली. रंगरावाने पुढचे दोन्ही खूर दाबले. एका खुराला दोन बोटं, म्हणजे झाले चारशे. शेठ आठवर आला, मग सातवर, मग सहावर. रंगराव चारवरच. त्याहून जास्त दाखवायला त्याच्याजवळ बोटंच नव्हती.

मग शेठचे डोळे भरून आले. "मलाही पोरंबाळं आहेत हो, रंगराव."

झालं! तानूबाई, पोरं, माती, सगळं रंगराव विसरला. सहाशे देऊन टाकू, असं त्याने ठरवलं. आधी त्याने दोन्ही खूर दाबले. मग वरच्या दोनशेंसाठी एक खूर पुन्हा दाबला.

शेठ चरकला. हा तर चारवरून दोनवर उतरला! आणखी बसलो तर फुकट मागेल. त्याने घाईघाईने चार बोटं दाबली, उपरणं ओढलं आणि किल्ली रंगरावाच्या शिंगात अडकवली.

"काळीज दगडाचं आहे तुमचं," तो म्हणाला.

रंगरावाला फार लागलं ते. घरी येईपर्यंत तो रडत रडत गाडी चालवत होता.

हल्ली दर सोमवारी तो सौदा कसा करावा याचे वर्ग घेतो. पहिला धडा, मन घट्ट ठेवा. पहिल्या रांगेत मल्लूशेठ बसतो आणि सगळं लिहून घेतो.

तात्पर्य : सौदा करताना मन कितीही मऊ असलं तरी चालतं. बोटं तेवढी कमी असावीत.