दाजीबांच्या गाडीतलं लिंबू

एका जंगलात, बाळांनो, दाजीबा नावाचं एक अस्वल राहायचं. दाजीबांकडे एक जुनी गाडी होती. आता अस्वलाकडे गाडी कुठून आली, असं विचारू नका. बोलणारा कोल्हा तुम्हाला चालतो, मग गाडीवालं अस्वलच तेवढं का खुपतं?

दाजीबांच्या बायकोचं नाव गोदाक्का. तिचे गुडघे पार गेले होते. बहीण राहायची घाटापलीकडे. दर रविवारी दाजीबा तिला गाडीत घालून बहिणीकडे न्यायचे. गाडी होती म्हणून बहीण होती, नाहीतर गोदाक्का आणि घरातला खांब यांत फरक उरला नसता.

तर एका रविवारी घाटात गाडी मिसिंग मारू लागली. म्हणजे इंजिनाचा ठेका चुकायला लागला. गचके, धक्के, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा.

"अहो, हे काय?" गोदाक्का दाराला घट्ट धरून म्हणाली.

"वय झालंय तिचं," दाजीबा म्हणाले.

"कुणाचं?"

दाजीबा शहाणे होते. त्यांनी गिअर बदलला.

सोमवारी ते हुप्पेशेठकडे गेले. हुप्पेशेठ म्हणजे जंगलातलं सर्वांत आधुनिक माकड. त्याच्याकडे एक डबा होता. डब्याची वायर गाडीला लावायची, की डबा दोष सांगायचा. हुप्पेशेठ स्वतः बॉनेट कधी उघडत नसे. हात काळे होतात म्हणे.

डबा म्हणाला, सेन्सर गेला. हुप्पेशेठने सहायकांकरवी सेन्सर बदलला. पुढच्या रविवारी पुन्हा गचके. डबा म्हणाला, दुसरा सेन्सर. तोही बदलला. मग कॉइल, मग प्लग, मग पुन्हा पहिलाच सेन्सर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

दाजीबाही हातावर हात ठेवून बसले नव्हते बरं. ते दर शनिवारी गाडीला नवं लिंबू-मिरची बांधायचे. पूर्वी बंपरला बांधायचे, पण शेजारची शेळी खाऊन टाकायची. म्हणून आता बॉनेटच्या आत, इंजिनाच्या वर. गाडी बिघडू लागल्यावर त्यांनी एकाच्या जागी तीन लिंबं बांधली. नजर जबरी होती ना!

त्यातच राजाची दवंडी आली. पंधरा पावसाळे पाहिलेली प्रत्येक गाडी पुढच्या सोमवारी तपासायला आणावी. नापास गाडी भंगारात जाईल.

गोदाक्काने त्या रात्री भाकरी केली नाही. "बहिणीचं तोंड आता फोटोतच बघायचं," एवढंच म्हणाली. दाजीबांना फार वाईट वाटलं. रडूच आलं, पण अस्वलाचं रडणं केसात जिरतं.

शेवटी ते साळूमावशीकडे गेले. साळूमावशी म्हणजे म्हातारी साळिंदर. डबा नाही, पाटी नाही, चष्मासुद्धा दोऱ्याने बांधलेला. तिने एकच विचारलं, "त्रास कोणत्या वारी होतो रे?"

"रविवारी, मावशी. बुधवारपर्यंत जरा कमी होतो."

"इंजिनाला पंचांग कळत नाही, बाबा. शनिवारी काय करतोस?"

दाजीबांनी अभिमानाने बॉनेट उघडून दाखवलं. तिन्ही लिंबं इंजिनाच्या धगीने घामेजली होती. रस टपटप गळत होता, तो थेट सेन्सरच्या वायरच्या जोडावर. जोडावर हिरवा थर चढला होता.

साळूमावशी हसली नाही. तिने लिंबं काढली, आपल्या एका काट्याने तो थर खरवडला, जोड पुसला, वाळवला आणि घट्ट बसवला. "हाकून बघ घाटातून."

बाळांनो, गाडी काय पळाली! दिवा विझला. दाजीबांचा जीव भांड्यात पडला. गोदाक्काने साळूमावशीला मधाचं पोळं पाठवलं, तेही मधासकट.

सोमवारी दोघं नवरा-बायको ऐटीत तपासणीला गेले. तिथले तपासनीस कोल्हेसाहेब, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दिवा पेटत नाही?"

"नाही साहेब. बरी झाली गाडी."

"काय बदललं?"

"काहीच नाही. लिंबू काढलं."

कोल्हेसाहेबांनी तक्ता चाळला. "लिंबाचा रकाना नाही. हे बघा दाजीबा, म्हाताऱ्या गाडीला आजार असतोच. आजार असला की इलाज चालू असल्याचा दाखला लागतो. तुमच्याकडे आजारही नाही, दाखलाही नाही. म्हणजे तुम्ही दिव्याची वायर तोडलीत. नापास!"

"अहो पण ती चालतेय!"

"चालते की नाही, हे तपासायचं काम माझं नाही."

दाजीबांनी हात टेकले. मागच्या सीटवरून गोदाक्का म्हणाली, "अहो, माझ्या पिशवीत लिंबं आहेत. बहिणीसाठी घेतली होती."

दाजीबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गुपचूप गाडी फाटकाबाहेर काढली, एक लिंबू चिरून जोडावर चांगलं पिळलं आणि दोन फेऱ्या मारल्या. गचके! दिवा! फाटकापाशीच हुप्पेशेठ डबा घेऊन बसला होता. डबा म्हणाला, सेन्सर. हुप्पेशेठने दाखला फाडून दिला: 'मान्यताप्राप्त इलाज चालू आहे.' कोल्हेसाहेबांनी शिक्का मारला. वर म्हणाले, "याला म्हणतात जबाबदार गाडीमालक."

वाटेत साळूमावशीच्या दारात थांबून दाजीबांनी जोड पुन्हा पुसून घेतला. मावशीने चष्म्याचा दोरा घट्ट केला. म्हणाली, "पुढच्या वर्षी या असेच."

संध्याकाळच्या आत दोघी बहिणी ओट्यावर बसून दाजीबांनी तेलकट हातांनी पिळलेल्या उरलेल्या लिंबांचं सरबत पीत होत्या.

"अगं गोदे," बहीण म्हणाली, "याला गाडीच्या तेलाचा वास येतोय."

"पी मुकाट्याने," गोदाक्का म्हणाली. "सरकारमान्य आहे."

तात्पर्य: मुलांनो, दुखणं मुळापासून बरं करावं, पण थोडं पिशवीत शिल्लक ठेवावं. बऱ्या झालेल्या रोग्यावर शिक्का मारायला जागा नसते.