व्हॉलीबॉल संघाचा सेवादौरा

सोलापुरातल्या एका चर्चच्या व्हॉलीबॉल संघानं परदेशी जाऊन सेवा करावी, असा ठराव रविवारची उपासना आटोपल्यावर एकमतानं मंजूर झाला. संघ गेली काही वर्षं जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून घरी येत होता. "खेळून प्रभूचं नाव मोठं होईना, तर सेवा करून करू," असं पाळकसाहेब म्हणाले आणि त्यावर कुणालाच हरकत घेता आली नाही. अमेरिकेतल्या एका लहानशा गावातलं चर्च यजमान म्हणून मिळालं. तिथं एकाकी म्हातारी माणसं पुष्कळ होती. त्यांची सेवा करायची ठरली.

कर्णधार प्रदीप शुक्रवार पेठेत वडिलांबरोबर राहायचा. आई वारल्यापासून घरात दोघंच. रेल्वेतून निवृत्त झालेले त्रिंबकराव रोज म्हणायचे, "जरा बस की हितं." प्रदीप रोज "आलोच" म्हणून सरावाला जायचा. आता तर सेवेचाही सराव सुरू झाला. एकानं खुर्चीत बसून म्हातारं व्हायचं, दुसऱ्यानं त्याचा हात हातात घ्यायचा. प्रदीप हात फार मायेनं धरतो, असा चर्चच्या सेवा समितीनं शेरा दिला.

निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी विचारलं, "तितं म्हाताऱ्यांशी काय बोलणार तू?"

"बोलायचं नाही बाबा. त्यांच्याजवळ बसून ऐकायचं."

"असं व्हय," म्हणून त्रिंबकराव त्याच्या बॅगेची चेन लावू लागले.

अमेरिकेत प्रदीपच्या वाट्याला वॉल्टर नावाचे आजोबा आले. त्यांना वाकून पायाची नखं कापता येत नसत. प्रदीपनं त्यांचे पाय मांडीवर घेऊन नखं कापली. आजोबा मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगत होते. ती अर्धीमुर्धीच कळली, तरी प्रदीपचे डोळे भरून आले. संघातल्या शहाजीनं त्याचा फोटो काढला. फोटो हलल्यामुळे प्रदीपला डोळे पुन्हा भरून आणावे लागले.

इकडे सोलापुरात निराळाच पेच पडला. यजमान चर्चचा बास्केटबॉल संघ त्याच सुमारास इथं सेवेला आला. त्यांनाही म्हातारे पुरवणं भाग होतं. सेवा समितीनं निकष ठरवला : ज्यांच्याकडे बघणारं घरात कुणी नाही, तेच पात्र. पण चर्चच्या सगळ्या घरांतली मुलं रात्री झोपायला का होईना, घरी येत होती, त्यामुळे निकषात कुणी बसेना. कसून चौकशी केल्यावर जे पात्र ठरले, ते सगळे व्हॉलीबॉल खेळाडूंचे आईबाप निघाले. त्यांची मुलं सेवेला गेलेली होती.

प्रदीपला हे व्हिडिओ कॉलवर कळलं. पडद्यावर बाबांच्या शेजारी एक उंच गोरा पोरगा कशीबशी मांडी घालून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होता. त्याचे कान लाल झाले होते.

"हा कोण, बाबा?"

"टायलर. लई गुणाचं पोरगं. रोज येऊन बसतंय. तुझ्या आईचं समदं सांगितलं त्याला."

"त्याला मराठी येतं?"

"न्हाय की. म्हणून तर मधी बोलत न्हाय."

प्रदीपशेजारी बसलेल्या वॉल्टर आजोबांनी चष्मा चढवून पडद्यात पाहिलं. "अरे, हा तर माझा नातू," ते म्हणाले. "माझ्याच गल्लीत राहतो. पण बिचाऱ्याला वेळ नसतो."

प्रदीपला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तो संघाबरोबर आलेल्या पाळकसाहेबांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, मी आधी परत जातो. बाबांकडे बघतो."

पाळकसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "तू गेलास की तुझे वडील अपात्र ठरतील. त्या पोराची सेवा बुडेल, त्याचं काय?"

प्रदीप दौरा पुरा करूनच घरी आला. आल्या आल्या बॅग टाकून बाबांजवळ बसला आणि त्यानं त्यांचा हात हातात घेतला, अगदी शिकवल्याप्रमाणे.

बाबांनी हळूच हात सोडवून घेतला. "राहू दे, दमला असशील. परत कधी जायचं हाय?"

पुढच्या दौऱ्याची नावनोंदणी सोमवारी होती. आपल्या संघातले चारदोन जण येतील, अशा अंदाजानं प्रदीप चर्चमध्ये टेबल मांडून बसला. दार उघडलं, तर रांग पार चौकापर्यंत गेलेली. रांगेत खेळाडू एकही नव्हता, सगळी म्हातारी माणसं. सगळ्यांत पुढं मैंदर्गीहून पहिल्या एसटीनं आलेली निंगव्वा होती.

"आमच्या पोराला बी परदेशी पाठव, तम्मा."

"आजी, ही चर्चची योजना आहे. तुमचा मुलगा ख्रिस्ती आहे का?"

"न्हाय."

"व्हॉलीबॉल तरी येतो?"

"त्ये बी न्हाय. पर घरात बसायला येळ न्हाय त्याला. तेवढं चालतंय का बग."

तिच्या मागं सगळ्या जातिधर्मांचे, सगळ्या पेठांचे आईबाप उभे होते. पुण्यामुंबईहून गाडी धरून आलेलेही होते. त्यांत कुणाकुणाचे होते, ते प्रदीपनं कुणाला सांगितलं नाही. तुमचे सकाळपासून घरीच आहेत ना, तेवढं बघा.