ससेकाकूंकडे वाघोबा येतात

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी फार सुसंस्कृत होते. म्हणजे बहुतेक वेळा अर्धपोटी होते.

त्याचं असं, की तिथे कोणी खायला काही पुढे केलं, तर दोनदा "नको" म्हणायची रीत होती. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की "बरं, तुमचं मन मोडवत नाही म्हणून" असं पुटपुटत घ्यायचं. पहिल्याच वेळी हात पुढे करणारा हावरट. आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू.

या जंगलात द्वारकाकाकू ससे राहत असत. त्यांचा आग्रह पंचक्रोशीत गाजलेला. त्यांच्याकडे जेवलेल्या माकडाला दोन दिवस झाड चढवत नसे. "द्वारकाकाकूंचं वळण घे जरा," असं आया आपापल्या पिल्लांना सांगत. काकूंच्या लांब कानांवर ते पडे आणि त्या पाहुण्यांच्या पानात आणखी वाढत.

तिथेच एक म्हातारा वाघ होता. त्याच्यात धावायचं बळ उरलं नव्हतं. वाघ दिसला की पळायचं, एवढी अक्कल सुसंस्कृत प्राण्यांनाही असते. पण भुकेनं वाघाला एक गोष्ट सुचली. पाठलाग केला, तर आपण शत्रू. दाराशी उभं राहून हाक मारली, तर पाहुणे!

त्यानं निरोप धाडला, "काकू, उद्या संध्याकाळी तुमच्याकडे यायचं म्हणतोय."

काकू तडक प्रोफेसर साळिंदरांकडे गेल्या. हे प्रोफेसर एका कॉलेजमागच्या उकिरड्यावर वाढले होते. तिथे फेकलेली मानसशास्त्राची पुस्तकं त्यांनी कुरतडून कुरतडून पचवली होती.

"दार लावून आत बसा की," प्रोफेसर म्हणाले.

"पाहुणा येणार हे ठाऊक असून दार लावू? शी! माझ्या आईनं नाही हो हे शिकवलं."

"तेच तर! शिकवलं म्हणून. जन्मतः कोणी आग्रह करत नाही, काकू. लहानपणी तुम्ही 'घ्या ना' म्हणालात, तेव्हा सगळे 'गुणाची गं बाई' म्हणाले. म्हणाला नाहीत, तेव्हा नाकं मुरडली. झाले संस्कार! शिकवलेलं पुसताही येतं."

"मग मी करू काय?"

"एकदाच विचारा. तो नको म्हणेल. म्हणावंच लागेल, त्यालाही आई होती. मग गप्प राहा."

लगेच सराव सुरू झाला. प्रोफेसर वाघ झाले. "नको, नको," ते म्हणत. "असं कसं!" काकूंच्या तोंडून निघे, की प्रोफेसर कचकन काटा टोचत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकूंची चाळण झाली, पण जीभ ताळ्यावर आली. "नको" ऐकलं की त्या नुसत्या गोड हसू लागल्या.

"पास!" प्रोफेसर म्हणाले.

संध्याकाळी वाघोबा आले. पोट पाठीला टेकलेलं. शेजारीपाजारी झुडपांत लपून बसले होते. काकूंची सगळ्यांना फार काळजी वाटत होती, म्हणून प्रत्येकानं नीट दिसेल अशी जागा धरली होती.

"या, वाघोबा," काकू म्हणाल्या. "काही... घेणार?"

"छे छे, नको! आत्ताच अख्खं सांबर खाऊन निघालोय." वाघोबांच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं.

काकू गोड हसल्या. गप्प राहिल्या.

वाघोबा घुटमळले. शेपटी हलवली, आभाळाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "नाही, म्हणजे... मुद्दाम काही करू नका."

काकू हसतच राहिल्या.

वाघोबांचा चेहरा पडला. पण रीत ती रीत. आग्रहाशिवाय कसं खाणार? बिचारे परत जायला वळले. वाचल्या हो काकू, बाळांनो!

इतक्यात करवंदीच्या जाळीतून खारूताई कुजबुजली, "एकदाच विचारलं, पाहिलंत ना? आणि म्हणे आग्रह करावा तो द्वारकाकाकूंनी!"

मला तर या खारूताईचा अस्सा राग येतो! काकूंचे कान ताठ झाले. प्रोफेसरांचे सगळे काटे मिळून जेवढे टोचले नव्हते, तेवढं हे टोचलं.

"अहो वाघोबा!" त्या ओरडल्या. "असं उंबऱ्यावरून उपाशी जातात का? घ्या ना थोडं!"

"नको हो, खरंच..."

"मला वाईट वाटेल हं. माझी शपथ आहे तुम्हाला!"

"बरं," वाघोबा म्हणाले, "तुमचं मन मोडवत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. खारूताई हमसून हमसून रडली. "त्यांनी शेवटपर्यंत हात आखडता घेतला नाही," असं वाघोबाही तृप्त आवाजात बोलले. मग प्रोफेसरांनी समाज आपल्याला कसा घडवतो, यावर लांबलचक भाषण केलं. ते संपल्यावर कोणीतरी त्यांच्यापुढे रताळं धरलं. सरावाच्या धांदलीपासून प्रोफेसरांच्या पोटात काही नव्हतं.

"नको, नको," प्रोफेसर म्हणाले.

दुःखाच्या प्रसंगी आग्रह करत नसतात. कोणी पुन्हा विचारलं नाही, आणि प्रोफेसर उपाशीच घरी गेले.

तात्पर्य: 'लोक काय म्हणतील' या काळजीत जो जगतो, त्याच्याबद्दल लोक नेहमी चांगलंच म्हणतात. फक्त ते ऐकायला तो नसतो.