'येते' या शब्दाचा तह

श्री अग्निनारायण प्रसन्न असो, आणि ज्याच्या घरीं ऊब आहे त्यानें ही हकीकत सावकाश ऐकावी. शके एकोणीसशें पंचेचाळीस, मार्गशीर्षमासीं, उत्तरेकडील बर्फाच्या मुलुखांत तीन खोल्या, एक दिवाणखाना आणि एक मुदपाकखाना इतकें राज्य होतें, आणि त्या गादीवर कुमुदिनीबाईसाहेब एकट्याच होत्या. यजमान वामनराव मागील सालीं कैलासवासी जाहले, आणि चिरंजीव सारंगराव नोकरीनिमित्त दूरच्या शहरीं, विमानाच्या वाटेवर राहत. मग थंडी चालून आली तेव्हां सारंगराव खासे आले आणि भिंतीवर थर्मोस्टॅट नामें वाटोळा कारभारी नेमिला, आणि त्यास मराठी शिकवून हुकूम दिला कीं, पहाटे घर तापविणारी गॅसची भट्टी चढवावी, रात्रीं रजईच्या भरंवशावर उतरवावी, आणि बाईसाहेब बाहेर असतां रिकामें घर तापवूं नये. त्याकरितां शब्द बांधून दिले: 'येतो', 'येते', 'आलो', 'आले' ऐकतांच ऊब चढवावी, 'जातो', 'जाते' ऐकतांच उतरवावी. आपल्या जुन्या खोलींतील गरम हवेचा झरोकाही त्यांनीं स्वहस्तें बंद केला, कीं जेथें कोणी निजत नाहीं तेथें ऊब कशास. आणि मग स्वारी परत गेली.

बाईसाहेबांचा रिवाज ऐसा कीं, दुपारीं वाचनालयांत जाऊन बसावें. तेथें कोणी बोलत नसे, परंतु माणसें दिसत. निघतांना उंबऱ्यावर वळून कारभाऱ्यास "येते हं" म्हणावें आणि दार लावावें. कारभारी इमानी, 'येते' ऐकिलें, बाईसाहेब आल्या ऐसें समजला, आणि ओस घर दुपारभर तापवीत राहिला. सारंगरावांनीं हें आपल्या फोनवर पाहिलें आणि मातोश्रींस विचारिलें, "आई, घरात कुणी नसताना भट्टी का पेटते? निघताना त्याला काय म्हणतेस तू?" बाईसाहेब म्हणाल्या, "येते म्हणते. दुसरं काय म्हणायचं?" "अगं, येते म्हटलं की त्याला वाटतं तू आलीस! जाते म्हण." "निघताना जाते कोण म्हणतं रे? एवढंही शिकवलं नाही का मी तुला?" "आई, ते भिंतीवरचं यंत्र आहे." "असू दे. घरात दुसरं आहे कोण?" यावर सारंगराव म्हणाले, "मग मी सगळं इथून चालवतो. तुला त्याच्याशी बोलायलाच नको."

बोलायलाच नको, या शब्दानें बाईसाहेबांस धास्ती पडली. मग दुसरे दिवशीं बूट चढवून, कानटोपी बांधून त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि "जा" इतकें अक्षर तोंडांतून निघालें आणि पुढचें निघेना. वामनराव जन्मभर 'येतो' म्हणून निघाले आणि परत आले. शेवटचे दिवशीं ॲम्ब्युलन्समध्यें चढवितांना मात्र "जातो ग" म्हणाले, आणि तसेंच केलें. मग बाईसाहेबांनीं बूट काढिले आणि खुर्चीवर बसल्या, आणि पुढें कित्येक दिवस स्वारी बाहेर पडली नाहीं. घर वेळच्या वेळीं तापलें, वेळच्या वेळीं निवलें. कारभारांत खोट राहिली नाहीं, आणि कोणाचा शब्दही कानीं पडला नाहीं.

अखेर एके संध्याकाळीं बाईसाहेबांनीं आपण होऊन फोन लाविला. हात कणकेचे, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ओट्यावर ठेविला आणि म्हणाल्या, "सारंग, तुझे बाबा त्या दिवशी 'जातो' म्हणाले होते. मला नाही तो शब्द जमायचा. तू त्याला समजाव ना." मग सारंगराव म्हणाले, "मला हे कधी सांगितलं नाहीस." "तू कधी विचारलंस?" मग तह ठरला. सारंगरावांनीं तेथूनच हुकूम फिरविला आणि म्हणाले, "झालं. तुझं 'येते' आता निघण्याचा शब्द. तू येते म्हणालीस की तो भट्टी उतरवेल, आणि तुझ्या परतायच्या वेळेआधी पुन्हा चढवेल. मी इथून हात लावणार नाही." "आणि त्याच्याशी बोलू ना मी?" "बोल गं. खूप बोल." मग "थालीपीठ कर, कणीक कसली मळतेस" ऐसी थोडी थट्टा जाहली, आणि सारंगराव म्हणाले, "बरं आई, येतो." आणि फोन बंद जाहला.

फिरविला तो 'येते' शब्द. 'येतो' राहून गेला होता, कारण तो म्हणणारा त्या घरीं कोणी नव्हता. कारभाऱ्यानें दिवाणखान्यांतून 'येतो' ऐकिला, कोणी आलें ऐसें समजला, आणि भट्टी पेटविली. बाईसाहेब हात पुसून भट्टी उतरवावयास निघाल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "अरे वेड्या, तसं म्हणतात फक्त," ऐसें म्हणाल्या. मग न उतरवितां सारंगरावांच्या खोलींत गेल्या, आणि स्टुलावर चढून तेथील झरोका उघडिला.

एवंच ऊबेचा बंदोबस्त यथास्थित जाहला, आणि दुसरे दिवसापासून गॅस वाजवी जळूं लागला. त्या एके संध्याकाळीं मात्र एक खोली विनाकारण तापली. तिचा जाब कोणी पुसला नाहीं, आणि येथेंही पुसत नाहीं.